जुनी गॅरंड रायफल का अडकते?

एम-१ गॅरंड ही अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली अर्धस्वयंचलित रायफल. कॅनडात जन्मलेल्या जॉन गॅरंड यांनी ती मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात घडवली. १९५७ पर्यंत अशा सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. सैन्यातून बाद झालेल्या गॅरंड आज अमेरिकेत हौशी नेमबाजांकडे पाहायला मिळतात. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था त्या पात्र नागरिकांना विकते. इतक्या जुन्या यंत्राबद्दल नेहमी येणारी तक्रार एकच असते : एक गोळी सुटते, पण पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातील त्याच्या जागेत, नीट जात नाही.

काडतूस आत न जाणे हे लक्षण आहे, त्याचे मूळ बरेचदा दुसरीकडेच असते. म्हणून आधी रायफलीचे चक्र समजून घ्यावे लागते. नळीच्या तोंडाजवळ खालच्या बाजूला साधारण २ मिलिमीटरचे छिद्र असते. गोळी त्याच्यापुढे गेली की दारूच्या जळण्याने तयार झालेला थोडा वायू त्या छिद्रातून गॅस सिलिंडरमध्ये उतरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. हा पिस्टन म्हणजे ऑपरेटिंग रॉड या लांब दांड्याचेच पुढचे टोक. दांडा मागे येताना चेंबर मागून बंद करणारा बोल्ट फिरवून त्याचे कुलूप उघडतो. बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि घोडा मागे दाबून ठेवतो. मग दाबली गेलेली स्प्रिंग दांड्याला पुढे ढकलते आणि बोल्ट वाटेतले वरचे काडतूस उचलून चेंबरमध्ये घालतो.

गॅरंडमध्ये आठ काडतुसे पत्र्याच्या क्लिपमध्ये बसवतात आणि क्लिपसकट वरून आत दाबतात. ती एकामागून एक वर उचलण्याचे काम फॉलोअर नावाचा भाग करतो आणि त्याला जोर मिळतो तो ऑपरेटिंग रॉडच्याच स्प्रिंगकडून. म्हणजे बोल्ट पुढे नेणारी आणि काडतुसे वर आणणारी स्प्रिंग एकच. ती थकली की दोन्ही कामे एकदम बिघडतात.

रायफल अडकली की घाईने ती मोकळी करण्याचा मोह होतो. त्याआधी नळी निशाणाच्या दिशेने ठेवून, बोट चापावरून काढून, बोल्ट, पुंगळी आणि काडतूस कुठे थांबले आहेत ते पाहून घ्यावे. चाप ओढूनही गोळी सुटली नसेल, तर बोल्टला हात लावण्यापूर्वी किमान अर्धा मिनिट थांबावे. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातील दारू पेटवणारा भाग, उशिरा पेटण्याची शक्यता असते. जे दिसते त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार : पुंगळी बोल्टच्या तोंडाशी अडकलेली असते, किंवा बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद झालेला असतो. याचा अर्थ बोल्ट पुरेसा मागे आलाच नाही. येथे पहिला संशय वायूवर घ्यावा. सिलिंडरच्या पुढच्या टोकाचा स्क्रू सैल झाला की वायू गळतो. हे सर्वांत स्वस्त कारण, म्हणून तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. त्यानंतर पिस्टन झिजला आहे का, छिद्रात काजळी साचली आहे का, ते पाहावे. भारतातील एनसीसीच्या छात्रांना परिचित असलेल्या एसएलआर रायफलीमध्ये वायूचे प्रमाण कमीजास्त करणारा रेग्युलेटर असतो. मूळ गॅरंडमध्ये तशी सोय नाही, त्यामुळे वायू कमी पडला तर त्याचे कारण शोधण्यावाचून पर्याय नसतो.

वायू पुरेसा असूनही घर्षणामुळे बोल्ट अडखळू शकतो. यासाठी एक साधी चाचणी आहे. रिकामी रायफल खोलून स्प्रिंग काढतात, बोल्ट आणि दांडा जागेवर बसवतात आणि नळीचे तोंड सुमारे ६० अंश वर करतात. दोन्ही भाग स्वतःच्या वजनाने सरकन मागे आले पाहिजेत. तोंड खाली केले की पुढे गेले पाहिजेत. मध्येच अडले, तर दांडा दस्त्याच्या लाकडाला, हॅण्डगार्डला किंवा नळीला कुठेतरी घासतो आहे. घासल्या जागी लाकडावर चकचकीत पट्टा दिसतो. हा दांडा मुळातच वाकडा घडवलेला असतो. तो सरळ करायला जाऊ नये.

दुसरा प्रकार : बोल्ट पूर्ण मागे येतो, पण पुढे जाताना काडतुसाच्या बुडाला चुकवून वरून निघून जातो किंवा त्याच्या अंगात रुततो. येथे बोल्ट वेगात होता आणि काडतूस वर यायला उशीर झाला. थकलेली स्प्रिंग, मॅगझिनमध्ये साचलेला घट्ट मळ आणि वाकलेली किंवा गंजलेली क्लिप ही त्याची नेहमीची कारणे. नवी स्प्रिंग सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. ती ४८ सेंटिमीटरच्या आसपास आखडली असेल तर बदलावी. क्लिप भरताना सर्व काडतुसांची बुडे मागच्या भिंतीला टेकली पाहिजेत. एखादे पुढे सरकलेले असेल, तर क्लिप आत जातानाच अडते. संशयित क्लिप बाजूला काढून दुसरी वापरून पाहावी. दोष क्लिपचा की रायफलीचा, ते तेवढ्याने कळते.

काडतुसे ज्या वाटेने वर येतात त्या वाटेचे माप किती नेमके असावे लागते, हे गॅरंडच्या इतिहासातूनच दिसते. उत्पादनाच्या सुरुवातीच्या वर्षांत काही रायफली सातव्या काडतुसाशी हटकून अडत. त्याचे टोक क्लिपमधून वर उसळे. प्रायोगिक कार्यशाळेत हाताने बनवलेल्या रायफलींत हा दोष नव्हता. शोध घेतल्यावर कळले की, कारखान्यातील यंत्रकामाच्या सोयीसाठी रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याच्या, आतील एक लहानशी कड कापली जात होती. क्लिपला आधार देणारी कड तीच होती. ती पुन्हा ठेवल्यावर दोष गेला.

तिसरा प्रकार : काडतूस अर्धे आत जाते आणि बोल्ट पूर्ण बंद होत नाही. चेंबरमधील गंज, जुन्या ग्रीसचा थर किंवा तुटलेल्या पुंगळीचा तुकडा ही येथील कारणे. जुन्या अमेरिकी काडतुसांपैकी बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमध्ये क्षार निर्माण करणारे रसायन असे. तो क्षार हवेतील ओलावा शोषून पोलाद खातो, आणि तेलात विरघळत नाही. म्हणून अशी काडतुसे वापरल्यावर नळी, चेंबर आणि सिलिंडर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तेल लावावे.

वंगणाचेही गणित आहे. बोल्टचे लग (त्याला कुलूपबंद करणारे उंचवटे), रिसीव्हरमधील खाचा आणि दांड्याचा मार्ग येथे पातळ तेलापेक्षा ग्रीस चांगले टिकते. पावसात तेल धुऊन जाते. म्हणूनच सैनिकांना ग्रीसची छोटी डबी दिली जाई. गॅस सिलिंडर मात्र आतून कोरडा ठेवतात, कारण तेथील तेल जळून काजळी होते.

काडतुसांची निवडही महत्त्वाची. ही रायफल ३०-०६ काडतुसाच्या सैनिकी प्रकारासाठी आखलेली आहे. त्यातील गोळीचे वजन सुमारे १० ग्रॅम असते. शिकारीसाठी बनवलेल्या जड गोळीच्या आणि मंद जळणाऱ्या दारूच्या काडतुसांनी छिद्रापाशी दाब वाढतो आणि दांडा वाकू शकतो. वाकलेला दांडा पुन्हा पहिल्या प्रकारची अडचण निर्माण करतो.

दुरुस्तीनंतर क्लिपमध्ये आधी दोनच काडतुसे भरून चाचणी घ्यावी. दोन्ही सुटल्यावर क्लिप बाहेर उडाली आणि बोल्ट मागे थांबला, म्हणजे चक्र पूर्ण झाले. मग आठ भरावीत. क्लिप रायफलीत दाबताना उजव्या तळहाताच्या कडेने दांड्याची मूठ मागे धरून ठेवावी, नाहीतर बोल्ट अंगठ्यावर आपटतो. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे दोष कशाने गेला ते कळते. बोल्टच्या लगवर चीर दिसली, पुंगळीचे बूड फुगले किंवा चेंबरचे माप संशयास्पद वाटले, तर चाचण्या थांबवून रायफल जाणकार कारागिराकडे द्यावी.