विमानाच्या टाकीत ऊस आणि तळणीचं तेल

19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या इंधनात सुमारे एक टक्का देशी जैवइंधन मिसळलेलं होतं. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या साथीने तयार केलं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी केंद्र सरकारने 2027 मध्ये एक, तर 2028 मध्ये दोन टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

उसापासून बनणाऱ्या अल्कोहोलच्या रेणूंमधून पाणी काढून उरलेले छोटे रेणू एकमेकांना जोडले, वर हायड्रोजन दिला, की केरोसीनसारखं इंधन मिळतं. इंजिन बदलावं लागत नाही. अडचण आहे ती किमतीची: हे इंधन नेहमीच्या इंधनाच्या कितीतरी पट महाग पडतं. म्हणून नुसतं उद्दिष्ट पुरेसं नाही, खरेदीची हमी आणि करसवलतही हवी. युरोपीय संघाने 2025 पासून दोन टक्के मिश्रण सक्तीचंच केलं आहे.

कच्चा माल निवडताना मात्र जपायला हवं. ऊस आधीच खूप पाणी पितो. मराठवाड्याला हे सांगायला नको. त्यापेक्षा पिकांचे अवशेष आणि तळणीचं वापरलेलं तेल बरं. तेव्हा हॉटेलवाल्यांनो, कढईतलं उरलेलं तेल गटारात ओतू नका. अधिकृत संकलकाकडे द्या.