जिवाणूचा साखरेचा अंगरखा

बारावीच्या जीवशास्त्रात डीएनए शिकवताना आपण फ्रेडरिक ग्रिफिथचा १९२८ सालचा प्रयोग सांगतो. न्यूमोकोकस या जिवाणूचे दोन प्रकार: 'एस' म्हणजे गुळगुळीत, 'आर' म्हणजे खडबडीत. एस टोचला की उंदीर मरतो, आर टोचला तर जगतो. पण एखादं चौकस मूल विचारतंच, "एसमध्ये असं काय असतं?" उत्तर एका शब्दाचं आहे: साखर!

ही चहातली साखर नव्हे. शर्करेचे छोटे रेणू साखळीसारखे जोडून बनलेलं हे पॉलिसॅकराइड. एस जिवाणूभोवती त्याचं बुळबुळीत कवच असतं. ते शर्करेचंच असतं, हे हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी १९२३ मध्ये दाखवलं होतं.

कवचाचा फायदा काय? आपल्या पांढऱ्या पेशी जिवाणूला धरून गिळतात. धरायला मूठ लागते. रक्तातली प्रतिपिंडं आणि 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनं जिवाणूला चिकटून ही मूठ तयार करतात. कवच असलं की ती कमी चिकटतात, किंवा कवचाखाली दडून राहतात. अंगाला तेल फासलेला चोर हातातून निसटावा, तसा जिवाणू निसटतो. शिवाय या कवचांचे शंभरहून जास्त प्रकार आहेत. एकाची ओळख झाली म्हणून दुसरं ओळखता येईलच असं नाही.

आता पालकांच्या कामाचं. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या शर्करेविरुद्ध नीट प्रतिपिंडं बनवू शकत नाही. आणि न्यूमोकोकसमुळे होणाऱ्या न्यूमोनिया, मेंदूज्वराचा धोका तर याच वयात मोठा! मग शास्त्रज्ञांनी युक्ती केली. कवचाची शर्करा एका प्रथिनाला जोडली. प्रथिन पाहून टी पेशी मदतीला येतात आणि शरीर त्याच्यासोबत शर्करेचीही आठवण ठेवतं. हीच पीसीव्ही लस. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती २०१७ मध्ये काही राज्यांत आली, २०२१ मध्ये देशभर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल लशीत अशा १० प्रकारच्या कवचांची शर्करा असते.

सरकारी केंद्रात ही लस मोफत मिळते: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. "दोन डोस झाले, बाळ ठणठणीत आहे, तिसरा कशाला?" असं वाटू शकतं. पण तिसरा डोस आधीची आठवण पक्की करतो, तो चुकवू नका. मात्र न्यूमोनिया इतर जंतूंमुळेही होतो. म्हणून लस घेतलेल्या बाळालाही धाप लागली किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

शिक्षकांनो, पुढच्या वेळी हा धडा घेताना मुलांना विचारा: मेलेला एस आणि जिवंत आर एकत्र टोचल्यावर उंदीर का मेला? आरला एसकडून नेमकं काय मिळालं? तयार कवच नव्हे, तर ते कवच विणण्याची कृती. ती कृती डीएनएवर लिहिलेली असते, हे एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवलं.