ओळखदेख नसलेल्यांची रांग

समजा, जावा भाषेत तुम्ही हापूसच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिलात. त्यातला 'पेटी' हा क्लास तुमचा, कालच जन्मलेला. पेट्या वजनाप्रमाणे लावायला तुम्ही जावातली तयार 'सॉर्ट' वापरलीत आणि सगळ्या पेट्या निमूट रांगेत उभ्या राहिल्या.

पण सॉर्टला तुमची पेटी कळली कशी? तिच्यामागची 'टिमसॉर्ट' ही रीत टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये रचली, तीही पायथन भाषेसाठी. जावात ती २०११ मध्ये आली. तेव्हा तुमची पेटी कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

खरं म्हणजे, सॉर्टला पेटी आजही कळलेली नाही. आंबा काय नि वजन काय, तिला सोयरसुतक नाही. दोन वस्तू घेऊन ती पहिलीला एवढंच विचारते : तू हिच्या आधी की नंतर? उत्तर एका पूर्णांकात. ऋण आला तर आधी, धन आला तर नंतर, शून्य आला तर बरोबरी.

हा प्रश्न 'कम्पेअरेबल' नावाच्या करारात लिहून ठेवला आहे. अशा करारालाच इंटरफेस म्हणतात. १९९८ च्या जावा १.२ पासूनच्या या करारात मेथड एकच, 'कम्पेअर-टू'. तिच्यात काय द्यायचं आणि काय परत मिळेल एवढंच लिहिलेलं. प्रत्यक्ष कामाची एक ओळही नाही. ते काम करार स्वीकारणाऱ्या क्लासचं. पेटी वजन बघेल, विद्यार्थी गुण बघेल, तारीख दिनदर्शिका बघेल.

मराठी शब्द लावू लागलं की खरी मौज कळते. 'कळ' आधी की 'कवच'? जावा अक्षरांचे युनिकोड क्रमांक बघते. तिथे 'ळ' बसलाय 'ल'च्या शेजारी, 'व'च्या आधी; म्हणून 'कळ' पुढे. आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' येतो 'ह'नंतर. म्हणजे शब्दकोशात 'कवच' पुढे हवं. मग सॉर्ट नव्याने लिहायची? छे! 'कम्पॅरेटर' नावाचा दुसरा इंटरफेस आहे. त्यानुसार तुलना करणारा पंच बाहेरून आणता येतो. मराठी क्रम जाणणारा पंच बसवा, तीच जुनी सॉर्ट शब्दकोश लावून देईल.

मात्र कम्पायलर तपासतो ते मेथड आहे की नाही एवढंच. ती खरं बोलते का, ते नाही. समजा, तुमच्या पेट्या म्हणू लागल्या : पहिली दुसरीच्या आधी, दुसरी तिसरीच्या आधी आणि तिसरी पहिलीच्या आधी! टिमसॉर्टला कधी कधी हा घोळ उमगतो. मग ती काम थांबवते आणि तक्रार करते. त्या इंग्रजी तक्रारीतला शेवटचा शब्द असतो 'कॉन्ट्रॅक्ट'. करार मोडलात, एवढंच तिचं म्हणणं. आंब्यांबद्दल तिला अजूनही काही माहीत नसतं.