दिव्याआधी कठडा

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो,


गेल्या पावसाळ्यात आपल्या मुलींच्या वसतिगृहात सातवीतली एक मुलगी ओले कपडे वाळत घालायला गेली आणि तारेला हात लागताच मागे फेकली गेली. देवाच्या कृपेने मुक्या मारावर निभावले. पत्र्याखालून नेलेल्या वायरचे आवरण घासून गेले होते आणि कपड्यांची तार त्याच शेडच्या लोखंडी खांबाला बांधलेली होती. ते वायरिंग एका ओळखीच्या भावाने प्रेमाने, फुकट करून दिले होते. दोष मी त्याला देत नाही. काम देताना जे विचारायला हवे होते, ते मी विचारले नव्हते.

त्यानंतर मी नियम समजून घेतले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे अशी किरकोळ कामे कोणीही करू शकतो. पण नवे वायरिंग, वाढीव पॉइंट किंवा वायरिंगची दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते. काम करणाऱ्या वायरमनकडेही परवाना हवा, आणि देखरेख करणाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र. खांबापासून मीटरपर्यंतचे काम महावितरणचे. मीटरच्या पुढची जबाबदारी घरमालकाची. नवी जोडणी घेताना महावितरण ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागते, तो याचसाठी.

म्हणून काम देण्यापूर्वी परवाना पाहावा, त्याची मुदत तपासावी आणि काम संपल्यावर चाचणी अहवाल लेखी घ्यावा. वायर आयएसआय चिन्हाची असावी आणि अर्थिंग नीट केलेले असावे. नळाच्या पाइपला वायर बांधणे म्हणजे अर्थिंग नव्हे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडते, पण माणसाच्या अंगातून जाणारा थोडा प्रवाह तिला कळत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. तिचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. कोणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा. त्याआधी त्या माणसाला हात लावू नये.

पाड्यांवर ही गरज अधिक आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून अनेक गरीब घरांत पहिल्यांदा वीज पोहोचली. पुढे त्याच एका दिव्यावरून गोठ्याला आणि शेजारच्या झोपडीला वायर ओढली जाते. कुडाची भिंत पावसात ओली होते, आणि जोड मात्र उघडाच असतो.

आपली काही मुले आयटीआयमध्ये विजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम शिकत आहेत, याचा आनंद आहे. पण शिक्षण झाल्याचे प्रमाणपत्र आणि काम करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना मिळेपर्यंत ही मुले परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम करतील, असा आमचा आग्रह आहे.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, अशी आज्ञा आहे. नाही तर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. देवाने हा विषय घरमालकाच्या मर्जीवर सोडला नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी हा आजच्या घराचा कठडा आहे.

वसतिगृहाचे सर्व वायरिंग आता नव्याने करायचे आहे. काही मंडळ्यांनी जुनी वायर आणि तरुणांचे श्रमदान देऊ केले आहे. त्या प्रेमाबद्दल मनापासून आभार, पण हे काम आम्ही परवानाधारक ठेकेदारालाच देणार आहोत. तरुणांनी रंगकामाला अवश्य यावे. खर्चाच्या अंदाजपत्रकात ठेकेदाराच्या मजुरीचा आकडा मोठा दिसेल. तो वाचताना त्या सातवीतल्या मुलीची आठवण ठेवा आणि आमच्यासाठी प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक सेविका