प्रतींचा मेळ: नेवाशातून घेतलेला मागोवा

दूरच्या सर्व्हरवरील फाइल आणि हाताशी असलेल्या यंत्रावरील तिची प्रत यांत फरक पडू न देण्याच्या कामाला समक्रमण, किंवा कार्यालयांतील रोजच्या बोलण्यात 'सिंक करणे', असे म्हणतात. हे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता यंत्राकडे सोपवण्याचा इतिहास बहुधा परदेशी विद्यापीठांच्या अंगाने सांगितला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशासारख्या तालुक्यातून, म्हणजे सातबाऱ्याच्या बाजूने तो पाहिला, तर मात्र त्यातील खरी अडचण अधिक स्पष्ट दिसते. कारण येथे प्रती जुळल्या नाहीत तर प्रश्न जमिनीच्या मालकीचा होतो.

कागदी व्यवस्थेत हा प्रश्न मोठ्या शिताफीने टाळलेला होता. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, म्हणजे दोन्ही मिळून सातबारा, यांची मूळ वही तलाठ्याच्या दप्तरात एकच असे आणि खातेदाराच्या हाती पडे तो तिचा उतारा, जो ठरावीक तारखेपुरता खरा मानला जाई आणि ज्यावर कोणी काही लिहिले तरी मूळ नोंद बदलत नसे. मूळ नोंद बदलायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे फेरफार धरावा लागे, हितसंबंधितांना नोटीस बजावावी लागे, हरकतीसाठी 15 दिवस थांबावे लागे, आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करीत. व्यवस्था संथ होती, पण कोणती प्रत खरी याविषयी तिच्यात संदिग्धता नव्हती.

ही स्पष्टता संगणकीकरणाने काही काळ घालवली. केंद्राच्या योजनेतून 1988-89 मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक आरंभ झाला, त्यांत महाराष्ट्रातून वर्धा होता; पुढे राज्यभर तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हर आले आणि त्यांवर गावोगावचे सातबारे चढवले गेले. त्याबरोबर एका जमिनीच्या नोंदीचे तीन अवतार झाले: तलाठ्याची हस्तलिखित वही, तालुक्याच्या सर्व्हरवरील माहिती आणि संकेतस्थळावर लोकांना दिसणारी प्रत. टंकताना गळलेले नाव किंवा हेक्टर-आरमधील चुकलेला आकडा यांमुळे पडलेली तफावत कोणत्याही सिंकने भरून येणारी नव्हती; यंत्राने चूक तितक्याच निष्ठेने पुढच्या प्रतीत नेली असती. म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन घेऊन संगणकीकृत सातबारे लोकांसमोर वाचून दाखवण्याचा मार्ग पत्करावा लागला, आणि लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांचे आदेश काढावे लागले.

नकलेचा तांत्रिक प्रश्न तोवर जगात पुष्कळसा सुटलेला होता. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत तयार केलेली आरसिंक ही आज्ञावली 1996 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि मंद, महाग जोडणीवरून मोठ्या फाइली अद्ययावत ठेवण्याची तिची युक्ती आजही वाखाणण्यासारखी आहे. ज्या यंत्राकडे जुनी प्रत असते ते तिचे सारख्या लांबीचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातील मजकुरावरून हिशेबाने काढलेली छोटी संख्या, म्हणजे चेकसम, पलीकडे पाठवते. पलीकडचे यंत्र नव्या फाइलीवरून एकेक बाइट पुढे सरकत तशाच संख्या शोधते, आणि ती संख्या दर वेळी मुळापासून न काढता मागचा बाइट वजा करून व पुढचा मिळवून काढता येत असल्यामुळे हा शोध परवडतो. जुळणाऱ्या तुकड्यांचा केवळ क्रमांक आणि न जुळणारा मजकूर तेवढा तारेवरून जातो. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या युनिक्समधील क्रॉन या सोयीला हे काम जोडून दिले की रात्री माणूस नसतानाही दोन यंत्रांवरील प्रती जुळू लागतात.

मात्र आरसिंकचा प्रवाह एकाच दिशेचा आहे: एक बाजू मूळ, दुसरी नक्कल. मुळातून गेलेली फाइल नकलेतूनही काढून टाकण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर मुळातील अपघात त्याच रात्री नकलेतही घडतो, म्हणून समक्रमणाला सुरक्षित जतन समजणे घातक ठरते. दोन्ही बाजूंना बदल होऊ देणारी युनिसनसारखी साधने आणि 2008 मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ड्रॉपबॉक्स ही सेवा पुढे गेली खरी. परंतु एकाच फाइलीत दोन्हीकडे वेगवेगळे बदल झाले, तर युनिसन निर्णय वापरणाऱ्यावर सोडते आणि ड्रॉपबॉक्स दोन्ही प्रती वेगळ्या नावांनी ठेवते. यात कमीपणा नाही. नेवाशाच्याच मातीत शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढील तीन शतकांत पाठभेद शिरले, आणि ते निस्तरून शके 1506 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करण्यासाठी एकनाथांचा अधिकार लागला. नकला करणाऱ्यांची संख्या वाढवून ते काम झाले नसते.

महाराष्ट्राने भूमी अभिलेखांपुरता पत्करलेला उपाय अखेर सिंक सुधारण्याचा नव्हता, तर हाताशी असलेली प्रत उत्तरोत्तर कमी करण्याचा होता. 2008 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमातून ई-फेरफार प्रणाली उभी राहिली, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची माहिती थेट फेरफाराकडे येऊ लागली, आणि माहिती राज्याच्या मध्यवर्ती सर्व्हरवर एकवटत गेली. निर्णय योग्यच होता. त्याची किंमत मात्र सर्व्हर संथ पडला की तलाठी आणि खातेदार या दोघांनाही थांबून मोजावी लागते.

विशेष असे की हाताशी असलेली प्रत नंतर पुन्हा अवतरली, आणि ती शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः उसाची वा कांद्याची नोंद छायाचित्रासह करतो, आणि शिवारात नेटवर्क नसेल तर ती नोंद फोनमध्ये राहून नंतर अपलोड होते. या मांडणीमागील कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या मार्गदर्शनाखाली 1987 पासून घडलेल्या कोडा या फाइलव्यवस्थेच्या जातकुळीची आहे, जीत जोडणी तुटलेली असताना स्थानिक प्रतीवर काम चालू राहते आणि जोडणी परतल्यावर साठलेले बदल सर्व्हरवर लागू केले जातात. फरक इतकाच की पीक पाहणीत मतभेदाचा निवाडाही नियमाने बांधला आहे: नोंदीत चूक झाली तर ती दुरुस्त करण्यासाठी शेतकऱ्याला 48 तासांची मुदत देण्यात आली, आणि पडताळणीचे काम तलाठ्याकडे राहिले. कागदी फेरफारातील 15 दिवसांच्या हरकतीमागे असलेला विचारच येथे लहान मुदतीत उतरलेला दिसतो.

प्रमाण प्रतीचा प्रश्नही अशाच रीतीने, तंत्राने नव्हे तर नियमाने, मिटवला गेला आहे. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, आणि 15 रुपये भरून घेतलेली स्वाक्षरीची प्रत मात्र शासकीय व कायदेशीर कामासाठी ग्राह्य धरली जाते.