युद्धातील दुभाषे : दया आणि न्याय

परक्या सैन्यासोबत काम केलेल्या दुभाष्यांना त्या देशाने इतर निर्वासितांहून वेगळी सवलत द्यावी काय, असा प्रश्न देवगाव फाटा येथील काही वाचकांनी आम्हांस विचारला आहे. प्रश्न दूरदेशीचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराचा धागा महाराष्ट्रातच सापडतो.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने असंख्य पोलिश कुटुंबांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. त्यांपैकी सुमारे ५,००० जण, मुख्यतः स्त्रिया व मुले, पुढे कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आश्रयास आले. १९४३ ते १९४८ या काळात तेथे त्यांची वसाहत होती. हे लोक बहुतांशी कॅथोलिक होते. कोल्हापूरवर त्यांचे कोणतेही ऋण नव्हते. त्यांना आश्रय मिळाला तो गरजेपोटी. ही दया होय.

युद्ध संपले, तरी साम्यवादी सत्तेखालील मायदेशी परतणे अनेकांना धोक्याचे वाटले. तेव्हा ब्रिटनने १९४७ साली पोलिश पुनर्वसन कायदा केला. ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना तेथे स्थायिक होण्यास साहाय्य मिळाले. वळिवड्यातील अनेक कुटुंबे याच नात्याने ब्रिटनला गेली. हे केलेल्या सेवेचे देणे होते, म्हणजेच न्याय.

दुभाष्याचा दावा या दुसऱ्या प्रकारचा आहे. सैनिक मायदेशी परततो. दुभाषा मात्र, ज्यांनी त्याला सैन्याबरोबर पाहिले, त्यांच्यातच मागे राहतो. त्याच्यावरील संकट त्या नोकरीतूनच उद्भवते. म्हणून अमेरिकेने २००६ साली इराकी व अफगाण दुभाष्यांसाठी खास व्हिसा सुरू केला; आरंभी वर्षाला केवळ ५०. अफगाण कर्मचाऱ्यांसाठी २००९ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात सेवेचा पुरावा आणि जिवाला धोका, या दोन्ही अटी होत्या. तरीही १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा हजारो अर्ज प्रलंबित होते. ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये सुरू केलेली योजना १ जुलै २०२५ पासून नव्या अर्जांसाठी बंद झाली.

कोणी विचारील, ज्या विधवेने कोणत्याही सैन्याची चाकरी केली नाही, तिचा जीव कमी मोलाचा काय? मुळीच नाही. म्हणूनच दुभाष्यांचे देणे निर्वासितांच्या वाट्यातून फेडू नये; त्यासाठी वेगळ्या जागा असाव्यात, आणि ही हमी नोकरीवर घेतानाच लेखी द्यावी, असे आम्हांस वाटते. देणे फेडल्याने दयेचे कर्तव्य संपत नाही. वळिवड्यात आलेल्या मुलांकडे कोणी सेवेचा दाखला मागितला नव्हता.