दशावताराचे फोटो आणि बदनाम आयएसओ

सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्री दशावताराचे लोकनाट्य उभे राहिले की कॅमेरेवाल्यांत एक सल्ला हमखास फिरतो: आयएसओ वाढवू नका, फोटोत दाणे येतात. सल्ला अर्धवट आहे आणि त्यानेच बरेच फोटो बिघडतात. दाणे, म्हणजे नॉइज, मुख्यतः प्रकाशाच्या टंचाईतून येतात. सेन्सरवर फोटॉन एकसारखे पडत नाहीत. त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार असतोच. पिक्सेलने १०,००० फोटॉन टिपले तर तो १००चा, म्हणजे एक टक्का. १००च टिपले तर १०चा, म्हणजे दहा टक्के. म्हणून दशावतारातल्या संकासुर या पात्राच्या काळ्या वेशात दाणे आधी दिसतात. आयएसओ सेन्सरची संवेदनशीलता वाढवत नाही. जमलेला संकेत फक्त मोठा करतो.

मग आयएसओ १००चे फोटो स्वच्छ का? त्यांना प्रकाश भरपूर मिळालेला असतो म्हणून. मालवणच्या धक्क्यावरून सांजावताना सिंधुदुर्ग किल्ला टिपायचा तर तट हलत नाही. ट्रायपॉड लावून शटर काही सेकंद उघडे ठेवता येते. युद्धाच्या प्रसंगात गिरकी घेणारा राजा ही सवलत देत नाही. तिथे १/२५० सेकंद तरी हवा, आणि अ‍ॅपर्चर एफ/४वरून एफ/२.८वर आणले की प्रकाश दुप्पट. त्यानंतर उरलेली उणीव आयएसओनेच भरायची. ४००वर अडून बसून काळोखी फोटो घरी संगणकावर उजळला, तर प्रकाश तेवढाच राहतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत सर्किटचा नॉइज उलट जास्त उठतो. आयएसओ वाढवल्याने किरीटाची चमक पांढरीफटक होते, हा आक्षेप मात्र खरा आहे. हिस्टोग्राम पाहून त्याआधीच थांबावे.

‘नंतर सॉफ्टवेअर बघेल’ हा दुसरा भ्रम. रंगीत ठिपके सढळपणे पुसता येतात. उजेड-अंधाराचे दाणे पुसताना चेहऱ्यावरच्या रंगरेषा आणि जरीची वीणही जाते. एआयची साधने हरवलेला तपशील अंदाजाने भरतात, त्यामुळे रेघ नटाने काढलेली की यंत्राने, हे कळत नाही. कॅमेऱ्यातले लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन शटर मिटून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेते आणि तापलेल्या पिक्सेलचे ठिपके वजा करते. किल्ल्याला ते उपयोगी, रंगमंचाला नाही. दाणे आणि हललेला फोटो यांतून एक पत्करायचे तर दाणे पत्करा. फोटो लहान आकारात पाहिला की शेजारचे पिक्सेल मिसळून ते बरेचसे विरतात; हललेला चेहरा मात्र हललेलाच राहतो.